विधिमंडळातील प्रश्न आणि सार्वजनिक आरोग्यसेवा : चंदगड तालुक्याच्या निमित्ताने एक विवेचन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला. त्या कायद्यान्वये मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. परंतु त्या जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा वगळण्यात आला आणि पुढे तो कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. अशा रीतीने तालुक्याचे जिल्ह्याचे ठिकाण बदलले, त्याचे दप्तर दुसऱ्या कचेरीत गेले आणि त्याच्या गाऱ्हाण्यांची दाद लावणारे अधिकारीही बदलले. डोंगर, नद्या, पाऊस आणि वाटा मात्र होत्या तेथेच राहिल्या. चंदगडहून बेळगाव सुमारे ४० किलोमीटर आहे, तर कोल्हापूर शंभराहून अधिक. आजारी माणूस राज्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाही. जवळची वाट धरतो. त्याचा प्रतिनिधी मात्र प्रश्न विचारतो तो मुंबईस अगर नागपुरास भरणाऱ्या विधिमंडळात. रोग्याची वाट आणि प्रश्नाची वाट ह्यांत पडलेले हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

लोकप्रतिनिधींनी सार्वजनिक आरोग्यसेवेविषयी शासनाला प्रश्न विचारावेत, हे सर्वांना मान्य असते. ते प्रश्न कोणत्या नियमांनी बांधलेले असतात, त्यांना मिळणारी उत्तरे कशी तयार होतात आणि त्या उत्तरांतून कोणती गोष्ट हटकून निसटते, ह्याची माहिती मात्र फारशी प्रचलित नाही. ती येथे क्रमाने देण्याचा विचार आहे.

प्रश्नाच्या अधिकाराचा इतिहास

आज सहज वाटणारा हा अधिकार आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यास जे कायदेमंडळ मिळाले, त्याचे काम पुढे आलेल्या कायद्याचा विचार करण्यापुरतेच होते. कारभाराबद्दल सरकारास विचारणा करण्याची मुभा सभासदांना नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाली. परंतु तीही अपुरी होती, कारण उत्तर मिळाल्यावर त्यावर पुन्हा काही विचारता येत नसे. त्यानंतर चारच वर्षांनी, म्हणजे १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न घराघरांत शिरला. ज्या काळी सरकारास खडसावून विचारण्याची सर्वांत अधिक निकड होती, त्या काळी सभासदाच्या हाती उपप्रश्न नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्न विचारण्याची परवानगी दिली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांसही मिळाली. ह्याच सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य हे खाते प्रांतातील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविलेल्या खात्यांत घातले. त्यामुळे सभागृहात बसणाऱ्या आणि त्यास जबाबदार असणाऱ्या माणसाला आरोग्याविषयी विचारणे प्रथमच शक्य झाले. १९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा आरोग्य खाते डॉ. गिल्डर ह्यांच्याकडे होते. पुढील वर्षी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम ह्यांनी संततिनियमनाच्या साधनांविषयी एक अशासकीय ठराव मांडला. त्यामागील भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला, परंतु मातांचे आरोग्य हा राज्याच्या कर्तव्याचा विषय आहे, हा विचार सभागृहाच्या कामकाजात कायमचा नोंदला गेला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत घातला आणि ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. म्हणून चंदगडच्या दवाखान्याविषयीचा पहिला प्रश्न दिल्लीस नव्हे, मुंबईस विचारावयाचा असतो.

प्रश्न कोणास विचारावयाचा ?

सभागृहाचा एक मूलभूत नियम असा की, ज्या गोष्टीची जबाबदारी शासनावर आहे तिच्याविषयीच प्रश्न विचारता येतो, आणि तोही ज्या मंत्र्याकडे ते खाते असेल त्यालाच. हा नियम साधा दिसतो. पण आरोग्यसेवेच्या बाबतीत तोच पहिला अडथळा ठरतो.

चंदगड तालुक्यातील एखाद्या वाडीवरील रुग्णाचा प्रवास पाहू. तो प्रथम उपकेंद्रात जातो आणि तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रात. ह्या दोन्ही संस्था जिल्हा परिषदेच्या आहेत. कारण १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे ग्रामीण आरोग्याचे हे काम सोपविले गेले. पुढे त्यास चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठविले, तर तो जिल्हा परिषदेच्या कक्षेतून निघून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कक्षेत येतो. येथील वरिष्ठ अधिकारी जिल्हा शल्यचिकित्सक होय. आजार अधिक गंभीर असल्यास कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठावे लागते. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले असल्यामुळे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे मोडते. वाटेत लागणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून शासनाच्या योजनेत, पण कंत्राटी व्यवस्थेने चालते. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा अगर जिल्हा परिषदेचा असतो. औषधांची खरेदी २०१७ पासून काही वर्षे हाफकिन संस्थेमार्फत होत होती. नंतर २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चातील मोठा वाटा केंद्राचा असल्याने तेवढ्यापुरता विषय लोकसभेतही जातो. चंदगड विधानसभा मतदारसंघ कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात येतो आणि त्या सदस्यासही ह्याविषयी विचारता येते.

रुग्णाच्या दृष्टीने हा एकच प्रवास आहे, पण सभागृहाच्या दृष्टीने तो चार-पाच खात्यांत विभागलेला असतो. एखादी बाळंतीण वेळेवर रुग्णालयात पोचली नाही, तर तिला कोणी थांबविले, ह्याचे उत्तर एका मंत्र्याकडून मिळत नाही. प्रत्येक खाते आपल्या टप्प्यापुरते बोलते आणि दोन टप्प्यांच्या मधील वेळेबद्दल कोणीच बोलत नाही. म्हणून जाणता सदस्य एकाच घटनेविषयी वेगवेगळ्या खात्यांना वेगवेगळे प्रश्न देतो आणि उत्तरे शेजारी ठेवून वाचतो.

जिल्हा परिषदेच्या संस्थांविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांच्याबद्दल विचारण्याचे पहिले ठिकाण जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा हे होय. परंतु २०२२ च्या मार्चमध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या निर्वाचित सदस्यांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात उपकेंद्राच्या बंद दाराविषयी निर्वाचित सभेत विचारणारे कोणी उरले नव्हते आणि तो सारा भार विधानसभेच्या एका सदस्यावर येऊन पडला.

तो एक सदस्यही सदैव विचारण्यास मोकळा असतो असे नाही. मंत्री झालेला सदस्य उत्तरे देतो, प्रश्न विचारीत नाही. अध्यक्ष प्रश्न स्वीकारतो अगर नाकारतो, स्वतः विचारीत नाही. शेजारच्या गडहिंग्लज मतदारसंघाचे बाबासाहेब कुपेकर २००४ ते २००९ ह्या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ साली ते चंदगडमधून निवडून आले. २०१२ साली त्यांचे निधन झाले आणि २०१३ च्या पोटनिवडणुकीपर्यंत ती जागा रिक्त राहिली. अशा काळात मतदारसंघाचे प्रश्न विचारले जावयाचे तर ते इतर भागांच्या सदस्यांनी अगर विधानपरिषदेच्या सदस्यांनी हाती घ्यावे लागतात.

प्रश्नाची घडण

विधिमंडळात प्रश्नांचे प्रमुख प्रकार तीन आहेत. तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी मिळते. अल्पसूचना प्रश्न निकडीच्या बाबीसाठी असून मंत्र्याची संमती असल्यासच तो घेतला जातो. ह्यांखेरीज लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि अनुदानांच्या मागणीवरील कपात सूचना ही आणखी साधने आहेत.

तारांकित प्रश्नाचा मराठी साचा अनेक वर्षे रूढ आहे. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ह्या शब्दांनी तो सुरू होतो. पहिल्या भागात एक विधान करून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात. त्यापुढे ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ असे भाग येतात आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा भाग असतो. उत्तरांचाही साचा ठरलेला आहे : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’.

ह्या रचनेत एक मर्म दडलेले आहे. पहिल्या भागातील विधान खरे असण्याची जबाबदारी प्रश्नकर्त्यावर असते आणि पुढील सर्व भाग त्या विधानावर टांगलेले असतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या सदस्याने विचारले की, अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा महिन्यांपासून वैद्यकीय अधिकारी नसल्यामुळे रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय. प्रश्न दिल्यानंतर आणि उत्तर येण्यापूर्वी तेथे कोणाची तात्पुरती नेमणूक झाली, तर उत्तर येईल, ‘हे खरे नाही’. मग चौकशी, कार्यवाही आणि विलंब ह्या तिन्ही भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापले जाईल. ह्यात कोणी खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. तरी सहा महिने त्या दारावरून परत गेलेल्या माणसांचा उल्लेख उत्तरात कोठेही येणार नाही.

हाच विषय दुसऱ्या रीतीने विचारता येतो. केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती ? गेल्या वर्षाच्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांपैकी किती भरलेली होती ? भरलेल्या पदांवरील किती अधिकारी प्रतिनियुक्तीवर अन्यत्र काम करीत होते ? वर्षातील किती दिवस केंद्रात एकही वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष हजर नव्हता ? ह्या प्रश्नांत ‘हाल’ हा शब्द नाही, आरोप नाही आणि अनुमानही नाही. नियमांनाही तेच अपेक्षित आहे, कारण युक्तिवाद, अनुमान अगर दोषारोप असलेला प्रश्न अध्यक्षांना नाकारता येतो. अशा प्रश्नांना ‘खरे नाही’ एवढ्या उत्तराने वाटेस लावता येत नाही. आकडा द्यावाच लागतो. विशेषतः प्रतिनियुक्तीचा प्रश्न मोलाचा आहे. कागदोपत्री पद भरलेले आणि प्रत्यक्षात खुर्ची रिकामी, ही स्थिती ‘रिक्त पदे किती’ ह्या नेहमीच्या प्रश्नातून कधीच उघडकीस येत नाही.

इमारतीविषयीच्या प्रश्नांचेही असेच आहे. नवीन रुग्णालय ‘मंजूर’ आहे काय, असे विचारल्यास होकारार्थी उत्तर येऊ शकते. परंतु संस्थेची मंजुरी, जागेचा ताबा, बांधकामाचा निधी आणि पदनिर्मिती ह्या चार स्वतंत्र मंजुऱ्या आहेत व त्या निरनिराळ्या विभागांतून येतात. इमारत बांधून पुरी झाली, पण पदे निर्माण झाली नाहीत म्हणून कुलूप निघाले नाही, हा अनुभव राज्यात अनेक ठिकाणी आलेला आहे. म्हणून ‘कोणती मंजुरी कोणत्या दिनांकास मिळाली व कोणती अद्याप बाकी आहे’ असे विचारणे इष्ट.

निकष आणि गणित

प्रश्नास निकषाचा आधार असला म्हणजे उत्तरास टाळाटाळ करण्यास जागा उरत नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून ग्रामीण आरोग्यसेवेचा आराखडा लोकसंख्येच्या प्रमाणात मांडण्याची पद्धत पडली. आजचे निकष असे आहेत : सपाटीच्या प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात अनुक्रमे ३,००० व २०,००० लोकांमागे एकेक.

आता चंदगड तालुक्याचे गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या १,८७,२२० होती. सपाटीचा निकष लावल्यास सहा प्राथमिक आरोग्य केंद्रे व ३७ उपकेंद्रे पुरतात. डोंगराळ निकष लावल्यास नऊ केंद्रे व ६२ उपकेंद्रे लागतात. तालुका तोच, माणसेही तीच. केवळ कोणता निकष धरला, एवढ्यावर तीन केंद्रे आणि २५ उपकेंद्रे ह्यांचा फरक पडतो. पारगड, कलानिधीगड, महिपाळगड अशा किल्ल्यांच्या ह्या मुलखात आणि तिलारीकडे उतरणाऱ्या घाटमाथ्यावर विखुरलेल्या वस्त्यांना हा फरक म्हणजे पावसाळ्यातील कित्येक मैलांची पायपीट होय. त्यामुळे ‘तालुक्यात निकषाप्रमाणे केंद्रे आहेत काय’ असा प्रश्न अपुरा आहे. तालुक्यातील कोणत्या गावांना कोणता निकष लावला, तो कोणत्या आदेशान्वये लावला आणि त्यासाठी कोणत्या वर्षाची लोकसंख्या धरली, हे विचारले पाहिजे. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना त्या साली झाली नाही, हे पाहता शेवटचा मुद्दा किरकोळ नाही.

नोंदीत नाही ते उत्तरात नाही

आता सर्वांत कठीण भागाकडे वळू. मंत्र्याचे उत्तर मंत्री लिहीत नाही. प्रश्न मंत्रालयातून संचालनालयात, तेथून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून त्या त्या संस्थेत जातो. तेथील नोंदवहीत जे असेल ते त्याच मार्गाने परत वर येते. नोंदवहीत ज्या गोष्टीचा रकानाच नाही, ती गोष्ट सभागृहाच्या दृष्टीने घडलेली नसते.

ह्याचे ठळक उदाहरण करोनाच्या साथीच्या काळातील आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि उपचार घेत असलेले २२ रुग्ण दगावल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी, केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार ह्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय असून, प्राणवायूच्या अभावी मृत्यू झाल्याची विशिष्ट नोंद राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी कळविलेली नाही, असे त्यात म्हटले होते. त्या स्वतः नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या. ह्या उत्तरावर देशभर संताप व्यक्त झाला. परंतु अभ्यासकाने संतापाबरोबर त्यातील यंत्रणाही पाहावी. मृत्यूंच्या अहवालात प्राणवायूचा अभाव ह्या कारणासाठी रकाना नव्हता; राज्यांनी कळविले नाही आणि केंद्राने ‘कळविले नाही’ एवढेच सांगितले. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशा तऱ्हेने सभागृहात अनुपस्थित राहिली.

चंदगडसारख्या सीमावर्ती तालुक्यात हीच गोष्ट रोज, आणि कोणाच्याही ध्यानी न येता, घडण्यासारखी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे घटना जेथे घडते तेथे तिची नोंद होते. चंदगड तालुक्यातील स्त्री बेळगावच्या रुग्णालयात प्रसूत झाली, तर त्या जन्माची नोंद कर्नाटकात होते. तेथे ती दगावली, तर मृत्यूची नोंदही तेथेच. रुग्णालयांच्या मासिक अहवालातही त्या त्या संस्थेत झालेल्या सेवाच मोजल्या जातात. परिणाम असा की, तालुक्यातील सेवा अपुरी असल्यामुळे जितके अधिक रुग्ण हद्दीपलीकडे जातील, तितकी तालुक्यातील दुर्घटनांची संख्या कागदावर कमी दिसेल. तालुक्यातील रुग्णालयांत मातामृत्यू किती झाले, असे विचारल्यास समाधानकारक आकडा मिळू शकतो आणि तो आकडा खराही असेल. ज्या स्त्रीसाठी प्रश्न विचारला, ती मात्र त्या आकड्यात नसेल.

साथीच्या रोगांतही ह्याचा प्रत्यय येतो. माकडताप हा गोचिडीपासून होणारा विषाणुजन्य ज्वर १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, प्रथम आढळला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा शोध लावला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसला. दोडामार्ग हा चंदगडला घाटाखाली लागून असलेला तालुका होय. त्याच सुमारास गोव्यातील काजूच्या बागांत मजुरीस गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील कामगारांनाही ह्या रोगाची बाधा झाल्याचे आढळून आले. काम एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि तपासणी कधी तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही साखळी असते. एकाच राज्याच्या सभागृहात विचारलेल्या प्रश्नास तिचा एकच दुवा दिसतो.

ह्यावर उपाय नाही असे मात्र नाही. जबाबदारी शासनाची असेल तेथवर प्रश्न पोचतो, हा नियम आपण पाहिला. शेजारच्या राज्याचे रुग्णालय कसे चालते, हे मुंबईत विचारता येत नाही. आपल्या रहिवाशांसाठी आपल्या शासनाने काय केले, हे विचारता येते. जानेवारी २०१८ पासून गोवा शासनाने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, तेव्हा कोकणातील व सीमेवरील रुग्णांपुढे मोठी अडचण उभी राहिली. त्या निर्णयाचा जाब गोव्याच्या मंत्र्यास मुंबईत विचारणे अशक्य होते. पण ह्या रुग्णांचा खर्च महाराष्ट्राची योजना उचलणार काय, हा प्रश्न पूर्णपणे नियमांत बसणारा होता. उलट बाजूचे उदाहरण २०२३ सालचे आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील रहिवाशांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले. कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली. त्या गावांचा प्रतिनिधी मुंबईच्या सभागृहात नाही. तरीही खर्च महाराष्ट्राच्या तिजोरीतून व्हावयाचा असल्याने, किती जणांना लाभ मिळाला, हे महाराष्ट्राच्या सदस्यांनी विचारणे योग्यच ठरते.

दुसरा उपाय नोंदींच्या निवडीचा आहे. रुग्णालयाची नोंद घटनास्थळाप्रमाणे होते. पण गावात आशा कार्यकर्ती आणि परिचारिका ठेवीत असलेली माहिती राहत्या गावाप्रमाणे असते. मातामृत्यूंच्या अन्वेषणाची जी पद्धत आहे, तीत गावातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रीचा मृत्यू कोठेही झाला तरी तो कळविणे अपेक्षित असते. म्हणून प्रश्नात ‘तालुक्यातील रुग्णालयांत’ ह्याऐवजी ‘तालुक्यातील रहिवासी असलेल्या, मृत्यू कोणत्याही राज्यात झाला असला तरी’ एवढे शब्द घातले, तर उत्तर दुसऱ्या वहीतून द्यावे लागते. त्या वहीतही रकाना कोरा असेल, तर तो कोरा आहे हेच एक मोलाचे उत्तर होय.

काळ आणि आश्वासन

प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्यावी लागते. पावसाळी अधिवेशनात उत्तरास येणारा तारांकित प्रश्न पाऊस सुरू होण्यापूर्वीच लिहिलेला असतो. अर्थात तो गतवर्षीच्या पावसाविषयी असतो. चालू पावसात ओढ्याच्या पुरामुळे वाट तुटली व रुग्ण अडकला, तर त्यासाठी लक्षवेधी सूचना हेच साधन उरते. १९५४ साली लोकसभेत सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडील संसदीय व्यवहाराची स्वतंत्र देणगी मानली जाते.

उत्तर मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘तपासून पाहण्यात येईल’ असे मंत्र्याने म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. लोकसभेत अशी समिती १९५३ साली स्थापन झाली. महाराष्ट्र विधिमंडळातही ती आहे. जिल्हा परिषदांच्या कारभारासाठी पंचायती राज समिती, तर खर्चासाठी लोकलेखा समिती आहे. २०२४ च्या डिसेंबरात विधिमंडळात मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात राज्याच्या आरोग्यसेवेतील मनुष्यबळाच्या कमतरतेवर बोट ठेवलेले आहे. अशा अहवालातील वाक्यावर उभा केलेला प्रश्न ‘हे खरे नाही’ म्हणून दूर सारता येत नाही, कारण विधान प्रश्नकर्त्याचे नसून घटनेने नेमलेल्या परीक्षकाचे असते.

समारोप

प्रश्न विचारल्याने डॉक्टर येत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. दूरच्या तालुक्यात काम करण्यास डॉक्टर का तयार होत नाहीत, त्यांच्या निवासाची, मुलांच्या शिक्षणाची व वेतनाची व्यवस्था काय, हे धोरणाचे विषय आहेत आणि चार ओळींच्या प्रश्नाने ते सुटत नाहीत. परंतु प्रश्नामुळे एक गोष्ट निश्चित होते : शासनास आपल्या सहीनिशी एक तारीख व एक आकडा द्यावा लागतो. पुढच्या वर्षी त्याच्याशी तुलना करता येते आणि दहा वर्षांच्या उत्तरांची चळत लावली म्हणजे तालुक्याच्या आरोग्याचा एक इतिहास हाती येतो. अशा उत्तरांचे संकलन हे विद्यापीठीय अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे काम आहे; राज्यशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांस त्यात प्रबंधापुरते साहित्य खचित मिळेल.

हे काम केवळ मुंबईत होण्यासारखे नाही. प्रश्नातील पहिले विधान अचूक असावे लागते, आणि ते अचूक करणारी माहिती गावातच असते. कोणत्या दिवशी केंद्राचे दार बंद होते, रुग्णवाहिकेस किती वेळ लागला, कोणत्या घरची बाळंतीण हद्दीपलीकडे न्यावी लागली, हे ग्रामसभेत कोणी तारखेनिशी टिपून ठेवले तर सदस्याच्या हाती भक्कम प्रश्न जातो. नाहीतर ‘रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय’ एवढेच तो विचारू शकतो, आणि त्याचे उत्तर काय येते हे आपण पाहिलेच आहे. १९५६ साली चंदगडची हद्द ठरविताना कायद्याला एका कलमातील एक अपवाद पुरला. त्या हद्दीच्या दोन्ही अंगांस उपचारासाठी जाणारी माणसे मोजली जावीत, एवढ्यासाठी मात्र अद्याप कित्येक प्रश्न विचारावे लागणार आहेत.